घरचा तांदूळ आणि गुलाबी कागद

मी जात्याच भित्री. स्टोव्ह पेटवायची भीती, विहिरीत डोकवायची भीती, शेजाऱ्यांच्या बोकडाचीसुद्धा भीती. आई मला भित्री भागूबाई म्हणायची आणि पाहुण्यांसमोरही म्हणायची. अशा मुलीने रसायनशास्त्र घ्यावं आणि त्यातून पाऱ्यावर पीएच.डी. करायला निघावं, याचं आमच्या नात्यात सगळ्यांना हसू यायचं. नवरा तर लग्नाच्या पंगतीत म्हणाला होता, "हिला झुरळ दिसलं की ही पलंगावर चढते, आणि कॉलेजात पारा हाताळते."

हाताळते म्हणजे काय, तर हातमोज्यांवर हातमोजे चढवून, श्वास रोखून, चिमटीने. दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं होती. उल्हासनगरच्या एका कॉलेजात मी सकाळी बारावीच्या मुलांना शिकवायचे आणि दुपारनंतर तिथल्याच प्रयोगशाळेत संशोधन करायचे. आम्ही दोघं बदलापुरात भाड्याने राहत होतो. माहेर मधल्या मध्ये, अंबरनाथला.

संशोधन काय, हे विचारणाऱ्याला मी सोपं करून सांगायचे. पाण्यात धातू विरघळतात तेव्हा त्यांचे विद्युतभार असलेले कण होतात, त्यांना आयन म्हणतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, चवीला लागत नाहीत. मी एक असा रेणू बनवत होते, जो या कणांतला नेमका पारा ओळखेल. तो एरवी बिनरंगाचा, गप्प. सोडियम आलं, कॅल्शियम आलं, लोखंड आलं तरी ढिम्म. पण पाऱ्याचा आयन भेटला की त्याची मिटलेली कडी उघडायची आणि पाणी गुलाबी व्हायचं. वर जांभळा दिवा धरला तर नारिंगी चमकायचं. पहिल्यांदा ते चमकलं तेव्हा मला फार प्रेम वाटलं त्या रेणूबद्दल. माझ्यासारखाच भित्रा होता तो. बाकी जग चालवून घ्यायचा, पण एका गोष्टीला घाबरायचा आणि घाबरला की लपवायचा नाही.

माझे गाईड, म्हणजे आमचे सर, फारसं बोलायचे नाहीत. त्यांचा एकच प्रश्न असायचा: "मॅडम, ब्लँक कुठाय?" ज्यात आपण शोधतोय ती गोष्ट अजिबात नाही अशी खात्री आहे, तो नमुना म्हणजे ब्लँक. आधी त्याची चाचणी करायची, तो कोरा राहिला की मग बाकीच्यांकडे वळायचं. ब्लँक केल्याशिवाय कुणी रंग दाखवायला गेलं तर सर मान वर करून बघायचेही नाहीत. "कशाच्या मानाने गुलाबी?" एवढंच विचारायचे.

डिसेंबरात मला दिवस गेल्याचं कळलं. पहिला आनंद किती वेळ टिकला ते सांगायला लाज वाटते. दवाखान्यातून बाहेर पडून रिक्षात बसेपर्यंत मी मनातल्या मनात मागचे आठवडे मोजायला लागले होते. कळायच्या आधी पाऱ्याच्या क्षारांची बाटली किती वेळा उघडली? मोजे फाटले होते का? त्या दिवशी खोलीतला पंखा बंद होता का? माझ्या विषयावरचं जे काही मी वाचलं होतं त्यात बाळांबद्दलची पानं होती. ती मी नेहमी भराभर उलटायचे. आता ती पानं न उघडता शब्दन् शब्द आठवायला लागली.

सरांना दुसऱ्याच दिवशी सांगितलं. त्यांनी माझ्या कपाटातल्या पाऱ्याच्या बाटल्या काढून दुसऱ्या विद्यार्थ्याच्या कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावलं. "तुम्ही आता फक्त कागद करा," ते म्हणाले. कागद म्हणजे गाळणकागदाच्या पट्ट्या. त्या रेणूच्या द्रावात बुडवून वाळवायच्या. त्यात पारा नसतो, फक्त पाऱ्याची वाट बघणारा रेणू असतो. निरुपद्रवी काम. तरी मी प्रत्येक पट्टीनंतर हात धुवायचे. प्रयोगशाळेतले बाकीचे हसायचे. हसू देत, म्हटलं.

आमचा लेख परदेशातल्या एका नियतकालिकाने दुरुस्तीसाठी परत पाठवला होता. म्हणणं असं, की प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात ठीक आहे, पण खऱ्या नमुन्यांत चालतं का ते दाखवा. नदीचं पाणी, भाजी, धान्य वगैरे. काम सोपं होतं. मे महिन्यात, सातव्या महिन्यात, बाळंतपणासाठी माहेरी निघाले तेव्हा मी पट्ट्यांची डबी आणि जांभळा दिवा बरोबर घेतला. दिवा काही प्रयोगशाळेचा नव्हता. उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या बाजारात व्यापारी नकली नोटा ओळखायला गल्ल्यावर ठेवतात, तसला होता. खिशात मावणारा आणि स्वस्त.

माहेर म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या, मागे मोरी आणि स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात छातीइतके उंच पत्र्याचे दोन पिंप. एकात गहू, एकात तांदूळ. गहू बाजारातला, एमपीचा. तांदूळ मात्र बदलापूर गावातल्या मामाच्या शेतातला. आई वर्षाचं धान्य उन्हाळ्यात भरायची. ऊन द्यायची, चाळायची, निवडायची, मग पिंपात. लग्नानंतर माझ्या घरचंही वर्षाचं धान्य तीच भरायची आणि लागेल तसं गोणीत बांधून बदलापूरला पाठवायची. माझ्या डब्यात धान्याला लागणारे टोके झालेले तिला खपले नसते.

आईसारखी स्वच्छ बाई मी पाहिली नाही. पप्पा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते, तेव्हा नुकतेच रिटायर झालेले. त्यांच्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत आईचा नियम एकच: ड्युटीवरून आले की दारातून थेट मोरीत. कपडे वेगळ्या बादलीत, डोक्यावरून पाणी, साबण, आणि मगच घरात पाऊल. मी लहानपणी त्यांच्या पायांना मिठी मारायला धावायचे तर आई मधेच दंड धरायची. "थांब. आधी कंपनी धुऊ दे त्यांना." चाळीतल्या बायका तिला चिडवायच्या, की नवऱ्याला दारात असं अडवतेस, कधी रागावून निघून जाईल. पप्पा कुठे गेले नाहीत. मुकाट्याने अंग धुऊन, ओल्या केसांनी येऊन मला उचलायचे.

त्या मे महिन्यात आई बाळासाठी गोधडी शिवत होती. जुन्या साड्या मऊ पडल्या होत्या, टाके बारीक हवे होते. पण सुईत दोरा ओवायला ती पप्पांना बोलवायची. तिच्या हाताला थोडा कंप यायला लागला होता. दोरा नाकाशी यायचा आणि हुकायचा. "वय झालं," ती म्हणायची. आम्हीही तेच म्हणायचो. ती पन्नाशीची होती.

पट्ट्या तपासायला मी एक दुपार निवडली. आई आतल्या खोलीत आडवी झाली होती, पप्पा कोपऱ्यावर पेपर वाचायला गेले होते. ओट्यावर स्टीलच्या वाट्या मांडल्या. एकीत नळाचं पाणी. एकीत वालधुनी नदीचं, ते नवऱ्याने नाक दाबून बाटलीत भरून आणलं होतं. एकीत पालक धुतलेलं पाणी. तो पालक मी मुद्दाम नाल्याकाठच्या मळ्यातला विकत घेतला होता. मला खात्री होती, रंग आलाच तर या दोन वाट्यांत येणार. आणि ब्लँक म्हणून आमचा तांदूळ धुतलेलं पाणी. मामाच्या शेतातला, जिथे कंपनीचा धूरही पोचत नाही असा, आईच्या हातचा निवडलेला तांदूळ. याहून कोरं काय असणार? प्रत्येक वाटीत लिंबाचे थेंब टाकले, धातू सुटून पाण्यात यावा म्हणून.

सरांच्या नियमाप्रमाणे आधी ब्लँक. पट्टी बुडवली, काढली, ताटलीत ठेवली.

ती गुलाबी झाली.

फिक्या गुलाबाच्या पाकळीइतकीच, पण झाली. मी दिवा धरला. नारिंगी. ओट्याखाली अंधार होता तिथे नेऊन पुन्हा धरला. नारिंगी.

मग मी घाईघाईने बाकीच्या बुडवल्या. नळाचं पाणी कोरं. पालक कोरा. वालधुनीची पट्टी मळकट झाली, गुलाबी नाही. ज्यात नसायला हवं त्यात होतं, आणि ज्यांच्यावर माझा संशय होता ते निर्दोष सुटले होते. पोटात बाळाने पाय मारला, नेहमीसारखाच, पण मला वाटलं ते मला काही विचारतंय.

शास्त्रज्ञ माणसाने पहिला संशय स्वतःवर घ्यायचा असतो. नुसत्या लिंबूपाण्यात पट्टी बुडवली, कारण आम्लानेही हा रेणू कधी कधी फसतो. कोरी. वाट्या बदलल्या, उकळत्या पाण्याने धुतल्या, पप्पांना इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणायला लावलं आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा केलं. तांदूळ पुन्हा गुलाबी. मग मला वाटलं, हे मीच आणलंय. कॉलेजातून, कपड्यांतून, पर्समधून, नखांतून. आई पप्पांना जे आयुष्यभर दाराबाहेर धुवायला लावत होती, ते मी पोटुशी असताना उंबरा ओलांडून आत आणलं. पर्सचं अस्तर ओलं करून त्यावर पट्टी दाबली. ओढणीवर दाबली. नखांखाली, चपलेला, चष्म्याच्या दांडीला. सगळीकडे कोरी. खरं तर हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण मग उरला तांदूळच.

मी भात सोडला.

कारण सांगायचं धाडस नव्हतं. मामाच्या शेतात विष आहे असं कुठल्या तोंडाने सांगणार? आणि आईला सांगितलं असतं तर ती त्या दिवशीच बदलापूर गावात जाऊन भावाशी भांडली असती. म्हणून मी म्हटलं, भाताचा वास येतो, नको होतो. आईने ते डोहाळ्यांत धरलं, पण तिच्या मनाला लागलं. "पोरी, सातव्या महिन्यात भात नको म्हणणारी तूच पहिली बघितली. बाळाला अंग कुठून येणार?"

"चपाती खाते ना, आई."

"खा बाई. चपाती तरी खा."

ती गरम गरम चपात्या वाढायची, वर साजूक तूप. मी खायचे. आणि खाता खाताच एके दिवशी मी हातातला घास ताटात परत ठेवला. गहू मी तपासलाच नव्हता.

त्या दुपारची पट्टी तांदळापेक्षा गडद झाली. अगदी जांभळट गुलाबी, दिव्याची गरजच नाही अशी. मी ओट्याला धरून उभी राहिले. मामाच्या शेताचा आणि एमपीच्या गव्हाचा काय संबंध? शेत नाही, पाणी नाही, मी नाही. दोघांना जोडणारं काहीतरी याच खोलीत होतं, माझ्या पाठीमागे, आणि मागे वळून बघायची माझी हिंमत होत नव्हती.

आई उठून आली ती नेमकी तेव्हा. माझा चेहरा बघून तिला वाटलं, मला धान्याचीच किळस आली आहे. किडा दिसला असेल.

"काय गं? टोका दिसला? शक्यच नाही." ती तरातरा पिंपाशी गेली आणि झाकण काढलं. "ये, बघ. एक किडा काढून दाखव. यंदा तर तुझ्यासाठी म्हणून दोन्ही पिंपांत दुप्पट गोळ्या टाकल्यात. म्हटलं, बाळंतिणीचं खाणं, त्यात कीड नको." तिने कोपरापर्यंत हात गव्हात खुपसला, चाचपडून एक फडक्याची पुरचुंडी वर काढली आणि माझ्यासमोर सोडली. आत करड्या रंगाच्या गोळ्या होत्या. बऱ्याचशा अख्ख्या, काहींचा चुरा झालेला. चुऱ्यात बारीक चकचकीत थेंब होते, मोहरीपेक्षा लहान. ते मी ओळखले.

"पाऱ्याच्या गोळ्या," आई अभिमानाने म्हणाली. "कॅम्प दोनला त्या सिंधी शेठकडे मिळतात. 'ले जाओ माँजी, साल भर कीड़ा नहीं लगेगा.' आणि नाहीच लागत बघ. बोरिक पावडरीपेक्षा बरं. पावडर पोटात जाते, ह्या आपल्या बाजूला काढून ठेवता येतात."

गोळ्या तिच्या उघड्या तळहातावर होत्या आणि तो तळहात थरथरत होता.

मी त्या हाताकडे बघत राहिले. त्या थरथरीला वय म्हणत होतो आम्ही. माझ्या विषयाच्या पुस्तकांत बाळांच्या पानांच्या आधी मोठ्या माणसांची पानं असतात. त्यात पहिली ओळ हातांची असते. ती ओळ मी परीक्षेत लिहिली होती, मुलांना शिकवली होती, आणि आई रोज माझ्यासमोर सुईत दोरा ओवायला धडपडत होती.

"आई, ते खाली ठेव," मी म्हटलं. आवाज माझा वाटेना. "वाटीत ठेव. हात धू. साबणाने धू."

ती बावरली. मी ओरडले नव्हते, पण तिने तसा आवाज माझ्याकडून कधी ऐकला नसावा. ती हात धुऊन आली, पदराला पुसत स्टुलावर बसली, आणि मी तिला सांगितलं. सांगण्यावाचून इलाज नव्हता. न सांगता पिंप रिकामे कसे करणार? मी सोपं करून सांगायचा प्रयत्न केला, जसं सगळ्यांना सांगते तसं: हा पारा असतो, तो थोडा थोडा हवेत जातो, चुरा होऊन धान्याला लागतो. त्याची रूपं वेगवेगळी असतात, सगळी सारखी वाईट नसतात, आपण धान्य धुतो, म्हणजे पुष्कळसा निघून जात असेल. बोलता बोलता मला कळत होतं की शेवटची वाक्यं मी स्वतःला सांगते आहे.

आईने सगळं ऐकलं. मग तिने एकच विचारलं.

"तुझ्या वेळेला पण टाकत होते मी. तेव्हा?"

मी त्याच गव्हावर वाढले होते, त्याच स्वयंपाकघरात रांगले होते. म्हणजे सरांच्या भाषेत सांगायचं तर जिच्या मानाने सगळं मोजायचं, ती मीच कोरी नव्हते. आणि माझ्या पोटात जे होतं ते माझ्याच रक्तावर वाढत होतं.

पप्पा आले तेव्हा आई तशीच स्टुलावर बसलेली होती. मी त्यांना सांगितलं. ते पिंपापर्यंत गेले, झाकण लावलं आणि खिडकी उघडली. मग म्हणाले, "कंपनीत आम्हाला मास्क तरी द्यायचे." तिला टोचायला म्हणाले नव्हते. पण आईने डोळ्यांना पदर लावला. पप्पा तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

धान्याचं काय करायचं हा मोठाच प्रश्न होता. आमच्या घरात ताटात शीत राहिलेलं चालत नसे. आता वर्षाचं धान्य, आणि ते कुणाला देताही येत नाही, चिमण्यांना टाकता येत नाही, नाल्यात ओतता येत नाही. पप्पांनी ते जाड प्लास्टिकच्या गोण्यांत भरून तोंड शिवलं, आणि ओळखीतल्या एका सुपरवायझरला विचारून कंपनीच्या घातक कचऱ्याबरोबर पाठवलं. ज्या कंपनीला आईने जन्मभर घरात येऊ दिलं नाही, तिच्याच गेटमधून तिचं धान्य आत गेलं. आई दारात उभी राहून टेम्पो बघत होती. रडली नाही. बदलापूरच्या माझ्या घरातल्या गोण्याही गेल्या. गोळ्या मी काचेच्या बाटलीत बंद करून नवऱ्याबरोबर सरांकडे दिल्या, मूठभर तांदूळ आणि गहूही.

सरांनी कॉलेजच्या ओळखीने मुंबईतल्या एका मोठ्या यंत्रावर धान्यातला पारा मोजून आणला. फोनवर आकडे सांगितले, आणि पहिल्यांदाच ब्लँकबद्दल विचारलं नाही. पारा होता. भयंकर नव्हता, पण होता. "तुमचा सेन्सर मात्र बरोबर निघाला, मॅडम," ते म्हणाले आणि लगेच फोन ठेवला. त्यांना बोलल्याचा पस्तावा झाला असावा. माझ्या रेणूने पहिला खरा नमुना अचूक पकडला होता. संशोधकाला याहून मोठा आनंद नसतो म्हणतात. मला त्या क्षणी तो रेणू नकोसा झाला. तो नसता तर मी गरम चपाती खात बसले असते.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट यायला काही दिवस लागणार होते. ते दिवस मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की बाळ हललं की मी घाबरायचे आणि हललं नाही की त्याहून घाबरायचे. मी सारखी पोटावर हात ठेवून बसायचे. पाऱ्याच्या कुठल्या रूपाला कुठवर जाता येतं आणि कुठे जाता येत नाही, हे मला पाठ होतं. मी ते मनात म्हणायचे, जसं आई संध्याकाळी वंदना म्हणते तसं. उपयोग व्हायचा नाही. रिपोर्ट आला तेव्हा पारा मर्यादेच्या आत होता. "काळजीचं कारण नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मर्यादेच्या आत म्हणजे काहीच नाही असं नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. आम्ही दोघी हसलो.

आईने स्वतःचं रक्त द्यायला साफ नकार दिला. पप्पांनी विनवलं, मी रागावले. "मला कळून काय करायचंय?" तिचं उत्तर ठरलेलं. तिच्या हाताचं कारण तेच होतं की खरोखर वय, हे आम्हाला कधीच कळलं नाही. तिने गोधडी मात्र पुरी केली. शेवटच्या रांगेतले टाके वेडेवाकडे आहेत.

ऑगस्टमध्ये मुलगी झाली. मी तिची बोटं मोजली, डोळ्यांसमोर बोट फिरवलं, कानाशी टिचकी वाजवली. नर्स म्हणाली, "अहो, छान आहे हो बाळ, झोपू द्या." छान होतीच. तरी पुढे ती मान धरेपर्यंत, बसेपर्यंत, पहिला शब्द बोलेपर्यंत मी वाट बघत राहिले. प्रत्येक वेळी सगळं वेळेवर झालं आणि प्रत्येक वेळी मी पुढच्याची भीती घेऊन ठेवली.

पण मला सांगायचंय ते आईचं. दवाखान्यातून घरी आलो त्या सकाळी बाळ पाळण्यात ठेवलं आणि मी म्हटलं, "आई, घे ना तिला." आई दारातच थांबली. मग आत न येता वळून मोरीत गेली. पाण्याचा आवाज आला, डोक्यावरून ओतल्याचा. पप्पा म्हणाले, "अगं, आत्ताच तर अंघोळ झाली तुझी. सर्दी होईल."

"कंपनी धुऊ दे मला," आतून आवाज आला.

नवी साडी नेसून, ओल्या केसांनी ती पाळण्याशी आली आणि दोन्ही तळहात माझ्यापुढे केले. "लाव तुझा कागद."

"आई, काही गरज नाही. पिंप जाऊन किती दिवस झाले."

"लाव म्हणते ना."

पट्ट्यांची डबी कपाटात होती. मी तिच्या तळव्यावर पाण्याचे थेंब सोडले आणि पट्टी टेकवली. हात इतका थरथरत होता की मला मनगट धरावं लागलं. तिने कागदावरची नजर काढली नाही.

"वेळ लागतो का गुलाबी व्हायला?"

"नाही. लगेच होतो."

"आणि ते तुझं ब्लँक?" हा शब्द तिने फोनवरच्या माझ्या बोलण्यातून उचलला असणार. "त्याच्याशिवाय खरं धरत नाहीत ना तुझे सर?"

मग मी दुसरी पट्टी माझ्या तळव्यावर टेकवली. दोन्ही पट्ट्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही पांढऱ्या. आई त्यांच्याकडे बघत राहिली. माझ्या पट्टीकडे जास्त वेळ.

मग तिने हात पदराला पुसले आणि नातीला उचललं. छातीशी नाही धरलं. दोन्ही हातांवर घेऊन, अंगापासून जरा लांब धरलं, आणि पुढे कित्येक महिने ती तिला तशीच धरायची.